गिनी पक्ष्यांसाठी लोखंडी खुराडे : चौकट भक्कम, फटी मोकळ्या

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपकडून आम्ही गिनी पक्ष्यांसाठी, म्हणजे कोंबडीसारख्या पाळल्या जाणाऱ्या ठिपकेदार पक्ष्यांसाठी, लोखंडी खुराडे बनवून घेतले. घोडबंदर रस्त्यालगत, ओवळे गावाच्या बाजूला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी आहे. तेथे हे खुराडे उभे राहिल्यानंतर एक अख्खा पावसाळा आणि पाठोपाठ दिवाळीही उलटून गेली आहे, त्यामुळे त्याविषयी आता काही खात्रीने लिहिता येईल. खुराड्याचे माप १२ बाय ८ फूट असून उंची मधोमध साडेआठ आणि कडेला सात फूट आहे. दीड इंची चौकोनी पाइपांची चौकट, चारही बाजूंना अर्ध्या इंचाच्या घरांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्ड मेश (तारा एकमेकींना वेल्ड केलेली जाळी), वर रंगीत पन्हाळी पत्रे, एक दार आणि बाहेरून उघडता येणारी अंड्यांची पेटी, असे त्याचे स्वरूप आहे. वाहतूक आणि उभारणी धरून ६२,००० रुपये लागले. जोत्याचे काम गवंड्याकडून वेगळे करून घ्यावे लागले.

वर्कशॉपचे लोखंडकाम उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र हे खुराडे आखताना डोळ्यांपुढे कोंबडी आणि कुत्रा असावेत, गिनी पक्षी आणि उदमांजर यांचा विचार झालेला नसावा, असे ते वापरताना सतत जाणवत राहते. ताकदीच्या जोरावर घुसणाऱ्या प्राण्याला ते पुरून उरते. अंग चोरून शिरणाऱ्याला मात्र त्यात बऱ्याच वाटा मोकळ्या राहिल्या होत्या.

आमच्या भागात शिकारी प्राण्यांची उणीव नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल डोंगराच्या या अंगाला येऊन टेकते, आणि त्याच्या पायथ्याशी एकीकडे उंच इमारती तर दुसरीकडे जुन्या वाड्या व पाडे आहेत. बिबट्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते, पण पक्षी पाळणाऱ्याचे रोजचे नुकसान करणारे प्राणी आकाराने बरेच लहान असतात. दिवसा मुंगूस, शिक्रा, घार आणि कावळा. रात्री उदमांजर, रानमांजर आणि घूस. पावसाळ्यात धामण, नाग आणि कधी अजगर. आणि बारा महिने भटकी कुत्री, अशी ही यादी आहे. यांतील प्रत्येकाची आत शिरण्याची रीत वेगळी असते. कुत्री जाळी दातांनी ओढतात आणि दाराला धडका देतात, घूस खालून उकरते, मुंगूस जमिनीलगतची फट शोधते, आणि उदमांजर खांबावरून किंवा शेजारच्या फांदीवरून थेट छपरावर उतरते. त्यामुळे खुराड्याची परीक्षा करताना ते किती मजबूत आहे यापेक्षा त्यात सर्वांत मोठी फट कोठे आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

त्यात गिनी पक्ष्याच्या काही सवयी अशा आहेत की कोंबडीचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. हा पक्षी मूळचा आफ्रिकेचा. आपल्याकडे बरेलीजवळील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी हे वाण विकसित केले असून ते परसातील पालनासाठी दिले जातात. रोगाला तो कोंबडीपेक्षा काटक, पण स्वभावाने अर्धा रानटीच राहिलेला असतो. सूर्य कलला की कोंबडी आपणहून खुराड्याकडे वळते. गिनी पक्षी मात्र आंब्याच्या किंवा जांभळाच्या उंच फांदीवर जाऊन बसतो आणि अंधार पडल्यावर त्याला जवळजवळ काही दिसत नाही, म्हणून घुबड किंवा उदमांजर आले तरी तो जागचा हलत नाही. दिवसा कोणी अनोळखी प्राणी दिसला की तो सारी वाडी डोक्यावर घेतो, आणि त्यामुळेच पुष्कळ लोक राखणदार म्हणून त्याला विकत घेतात. परंतु हा राखणदार रात्री स्वतःचे रक्षण करू शकत नाही. ‘गिनी पाळले की साप येत नाहीत’ असे शेतघर घेणाऱ्यांना हमखास सांगितले जाते. थवा सापाला घेरून गोंगाट करतो आणि लहानसा साप असेल तर टोचून मारतोही, इतपत त्यात तथ्य आहे. मात्र अंडी आणि पिले असलेल्या खुराड्याकडे साप आकर्षित होतातच, हे विकणारा सांगत नाही.

आता जाळीविषयी. बाजारात कोंबड्यांची जाळी म्हणून जी षटकोनी, पातळ तारेची जाळी मिळते, ती पक्ष्यांना आत ठेवते. शिकाऱ्याला बाहेर ठेवण्याची ताकद तिच्यात नसते. कुत्रा ती फाडतो, आणि तिच्या एक इंची घरांतून उंदीर, घुशीचे पिल्लू आणि सडपातळ साप सहज आत येतात. या वर्कशॉपने अर्ध्या इंचाच्या घरांची वेल्ड मेश आग्रहाने सुचवली आणि तारेचा गेजही चांगला जाड दिला, याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यावेत. (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड असते, दर विचारताना अनेकांचा येथे गोंधळ होतो आणि विक्रेते तो दूर करण्याची घाई करत नाहीत.) जाळी चौकटीला नुसत्या बांधणीच्या तारेने न आवळता वर लोखंडी पट्टी ठेवून नट-बोल्टने दाबलेली आहे. वाडीतल्या कुत्र्यांनी पहिल्याच आठवड्यात पुढच्या बाजूने जाळी ओढून पाहिली; दातांच्या खुणा राहिल्या, जाळी मात्र तसूभरही सरकली नाही.

एक तांत्रिक उणीव येथेच नोंदवतो. चौकटीचे सांधे जागेवर वेल्ड करताना जवळच्या जाळीवरील जस्ताचा थर जळाला आणि त्या जागी नुसता रंग मारला गेला. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत; अशा हवेत जस्त गेलेल्या तारेला नुसता रंग फार काळ पुरत नाही. श्रावण संपण्याआधीच त्या सांध्यांवर तांबूस ओघळ दिसू लागले. जस्तयुक्त रंगाचा एक हात मारला असता तर हे टळले असते, आणि त्याचा खर्च एकूण रकमेच्या मानाने किरकोळ होता.

खुराड्याची खरी कमजोरी छपराखाली आहे आणि तेथे थोडे रेंगाळणे भाग आहे. हवा खेळती राहावी म्हणून भिंतीची जाळी जेथे संपते तेथून पत्र्यापर्यंत सुमारे तीन इंचांची मोकळी पट्टी चारही बाजूंनी सोडलेली होती. हवा हवीच, दमट कोंदट खुराड्यात विष्ठेतला अमोनिया साठतो आणि पक्ष्यांचे डोळे व श्वसनमार्ग बिघडतात. पण ती पट्टी जाळीने झाकलेली नव्हती. शिवाय पन्हाळी पत्र्याची प्रत्येक लाट जेथे आडव्या पाइपवर टेकते तेथे लाटेखाली आणखी एकेक पोकळी राहते, आणि अशा पोकळ्यांची एक सबंध रांग छपराच्या दोन्ही कडांना तयार होते. वर्कशॉपच्या मालकांना मी याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, “काका, सात फुटांवर कोण चढतंय? यातून मुंगीसुद्धा आत जायची नाही.” उदमांजराला सात फूट म्हणजे काहीच नाही, ते नारळाच्या झाडावर वावरणारे जनावर आहे.

याच्या जोडीला पक्ष्यांना बसण्यासाठी दिलेल्या दांड्या जमिनीपासून दोन फुटांवर होत्या, म्हणजे कोंबडीच्या सोयीच्या उंचीवर. गिनी पक्षी नेहमी उपलब्ध असलेल्या सर्वांत उंच जागी बसतो. त्यामुळे आमच्या थव्याने त्या दांड्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि सगळे पक्षी छपराच्या आडव्या पाइपवर, नेमके त्या उघड्या पट्टीला पाठ लावून झोपू लागले. पुढे व्हायचे तेच झाले. एका पावसाळी पहाटे कडेच्या पाइपखाली राखाडी, पांढरे ठिपके असलेली पिसे पसरलेली होती, पत्र्याच्या कडेला ओरखडे होते आणि जोत्याबाहेरच्या ओल्या मुरुमात पाच बोटांचे स्पष्ट ठसे उमटले होते. मांजराच्या ठशात चारच बोटे दिसतात आणि नखे उमटत नाहीत, त्यामुळे हे काम उदमांजराचे, याविषयी शंका उरली नाही. एक मादी गेली, आणि दुसरीच्या पाठीवरची पिसे व कातडी ओढली गेली होती. ती हळद आणि जंतुनाशकावर वाचली.

या दोन्ही दोषांवरचा उपाय एकत्रच करावा लागतो. छपराखालची पट्टी त्याच अर्ध्या इंची जाळीने बंद करून घ्यावी; हवा तशीच राहते. पत्र्याच्या लाटांखालच्या पोकळ्या जाळीच्या दुमडलेल्या पट्टीने किंवा सिमेंटने भराव्यात. फोमच्या पट्ट्या मिळतात, पण घुशी आणि उंदीर त्या कुरतडतात. दांड्या साडेचार ते पाच फुटांवर घ्याव्यात, त्या सर्व एकाच उंचीवर असाव्यात म्हणजे वरच्या जागेसाठी भांडणे होत नाहीत, आणि भिंतीच्या जाळीपासून किमान दीड फूट आत असाव्यात. हे अंतर फार महत्त्वाचे आहे, कारण जाळी शाबूत असली तरी तिला टेकून झोपलेल्या पक्ष्याचा पाय किंवा पंख बाहेरून पंज्याने ओढता येतो. लोखंडी पाइप दांडी म्हणून नकोच. तो घसरतो आणि थंडीत गार पडतो. दोन बाय तीन इंचांची, कडा गोल केलेली लाकडी पट्टी पक्ष्यांच्या पंज्यांना बरी पडते. शिवाय भिंतीच्या खालच्या दोन फुटांना जाळीवर बाहेरून पत्रा लावून घेतला, की कुत्र्याला आतले पक्षी दिसत नाहीत आणि पावसाचे शिंतोडेही आत येत नाहीत.

जमिनीच्या बाजूला वर्कशॉपने जाळी जोत्याच्या कडेपर्यंत आणून थांबवली होती. आमचे जोते फूटभर उंच आणि सिमेंटचे असल्याने तेवढे चालून गेले. ज्यांना मातीवरच खुराडे ठेवायचे आहे त्यांनी मात्र भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या दिशेने दीड फूट रुंदीची जाळीची झालर जमिनीवर अंथरून, यू आकाराच्या खिळ्यांनी ठोकून वर दगड-माती टाकून घ्यावी. उकरणारे जनावर भिंतीलगतच सुरुवात करते, खाली जाळी लागली की तेथेच खटपट करत राहते, आणि दीड फूट मागे जाऊन सुरुवात करावी हे त्याला सहसा सुचत नाही. जाळी उभी पुरण्यापेक्षा हे सोपे पडते, आणि गंजली तर नुसती वरची माती बाजूला करून बदलता येते. खाली भाताचे तूस चार इंच जाडीचे अंथरावे. ते ठाणे जिल्ह्यात सहज मिळते आणि पावसाळ्यात ओले झाले की लगेच पालटावे लागते.

दाराला एकच कडी होती, तीही मधोमध. अशा दाराचा खालचा कोपरा कुत्र्याने नाकाने रेटला की दोन बोटे मावतील इतका बाहेर येतो, आणि तेवढी जागा मुंगसाला पुरते. वर आणि खाली एकेक कडी-कोयंडा बसवून घेतल्यावर हा प्रश्न मिटला. कुलूपही लावतो, कारण गटारीच्या सुमारास सर्वांत धोक्याचा शिकारी दोन पायांवर येतो. याखेरीज गिनी पक्ष्यांसाठी दुहेरी दार असायलाच हवे, असे माझे मत झाले आहे. दार उघडताच हे पक्षी एकदम उसळून डोक्यावरून उडतात आणि मग तासभर झाडावरून उतरत नाहीत. दाराच्या आत चार बाय चार फुटांची जाळीची एक मधली खोली असली, की एक दार लावून दुसरे उघडता येते. वर्कशॉपच्या नमुन्यात ही सोय नाही. मागितल्यावर ९,००० रुपये जादा सांगितले, ते रास्त वाटले.

‘४० पक्ष्यांसाठी’ असे कोटेशनवर छापले होते. ९६ चौरस फुटांत ४० म्हणजे प्रत्येकी अडीच फूटही पुरती नाही. दिवसभर मोकळे फिरणाऱ्या पक्ष्यांना रात्रीपुरते ते निभावेल, पण आषाढातल्या झडीत दिवसेंदिवस आत कोंडून ठेवावे लागते तेव्हा पक्षी एकमेकांची पिसे उपटू लागतात. पंचवीसच्या वर ठेवू नयेत. अचानक आवाज झाला की हा सारा थवा एका कोपऱ्यात ढीग करतो आणि खालचे पक्षी गुदमरतात. दिवाळीच्या फटाक्यांत आम्ही दोन्ही मागच्या कोपऱ्यांत फळ्या तिरप्या लावून ते बोथट केले. छपरावर वाजणाऱ्या पावसाला मात्र ते लवकरच सरावले.

खुराड्यासोबत एक सौर दिवा ‘जंगली जनावरे दूर ठेवण्यासाठी’ म्हणून बाहेरच्या खांबावर दिला जातो. त्याने उदमांजराचे काहीही बिघडले नाही. हाच दिवा आत बसवला असता तर फार उपयोग झाला असता, कारण गिनी पक्षी अंधाऱ्या खुराड्यात शिरायला तयार होत नाहीत. आम्ही तो काढून आत लावला. आता सूर्यास्तापूर्वी तो लागतो, आत बाजरीचे ताट वाजते, आणि पक्षी रांगेने आत जातात; सगळे दांडीवर बसले की दिवा मालवतो. ही सवय लावण्यासाठी नवे पक्षी आणल्यावर चार ते सहा आठवडे खुराड्यातच ठेवावे लागतात. त्यानंतर प्रथम दोन-तीनच सोडावेत. उरलेल्यांचा आवाज आतून येत राहतो, आणि थव्यावाचून न करमणारे हे पक्षी त्या आवाजाच्या ओढीने संध्याकाळी परततात. ज्या खुराड्यात पक्षी रात्री येतच नाहीत, त्याची जाळी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. म्हणून विक्रेत्याने निदान एक कागदभर सूचना द्यायला हव्या होत्या. तशा त्या दिल्या नाहीत.

बाहेरून उघडणारी अंड्यांची पेटी दिसायला देखणी आहे, पण माद्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. उंच गवतात किंवा करवंदाच्या जाळीत गुपचूप अंडी घालून त्यावर बसण्याची त्यांची खोड असते, आणि उबवणीचे २६ ते २८ दिवस मादी रात्रीही त्या उघड्या घरट्यावरच राहते, म्हणजे मुंगूस, उदमांजर, कुत्रा यांपैकी कोणीही तिला गाठू शकतो. विणीच्या दिवसांत दुपारपर्यंत पक्षी आतच ठेवले आणि एका कोपऱ्यात गवताचा आडोसा करून दिला की बहुतेक अंडी आत मिळतात. पेटीच्या झाकणाला कडी नव्हती, नुसत्या वजनावर ते बंद राहत होते. तेथून घोरपड किंवा धामण आत जाऊ शकते. तेथेही कडी लावून घ्यावी.

पिलांसाठी हे खुराडे मुळीच चालत नाही, आणि वर्कशॉपनेही तसा दावा केलेला नाही. गिनीचे पिल्लू अर्ध्या इंची जाळीतून निसटत नसले तरी ओल त्याला सोसत नाही. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश उष्णता, नंतर दर आठवड्याला थोडी थोडी कमी, पाण्याच्या भांड्यात बुडू नये म्हणून खडे, आणि घुशीपासून सुरक्षित अशी घरातली बंद पेटी, इतके तरी हवेच.

बिबट्याविषयी सगळेच विचारतात. कोणतीही साधी वेल्ड मेश त्याला रोखण्यासाठी बनवलेली नसते. पक्षी रात्री आत असणे, खुराड्याभोवती मेलेले पक्षी, आतडी किंवा उष्टे न टाकणे आणि त्या वासाने जमणारी कुत्री दूर ठेवणे, एवढेच आपल्या हाती असते. सापळे लावणे किंवा विष घालणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो मुंगूस, उदमांजर, घोरपड, अजगर या सर्वांना लागू आहे. खुराड्यात अजगर किंवा अन्य प्राणी अडकला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आम्हाला एकदा तशी वेळ आली आणि मंडळी त्याच रात्री येऊन अजगर घेऊन गेली.

छपराच्या जाळीचा आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. रानपाखरे आत येऊन दाणा खात नाहीत आणि विष्ठाही टाकत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला होता, हे लक्षात घेता ही बाब दुय्यम मानता येणार नाही.

सेवेबद्दल सांगायचे तर उभारणी ठरल्या दिवशी झाली आणि कारागीर कामात तरबेज होते. छपराच्या पट्टीची तक्रार केल्यावर मात्र गणपती, मग नवरात्र, अशी कारणे पुढे येत राहिली. अखेर जाळी आली ती ४,५०० रुपये वेगळे घेऊनच. पाचपैकी साडेतीन गुण मी देईन, तेही लोखंडकामाच्या जोरावर. जोते, छपराखालची जाळी, उंच दांड्या, जादा कड्या आणि दुहेरी दार धरले तर खर्च ८५,००० रुपयांच्या आसपास जातो. ऑर्डर देणाऱ्याने यांतली जोते सोडून बाकीची चारही कामे कोटेशनमध्ये नावानिशी लिहून घ्यावीत, कारण मागितली तर हे लोक ती नीट करून देतात, मात्र आपणहून यांतले एकही सुचवत नाहीत.